सायकलीचा सांगाडा कसा निवडावा?

तयार सायकल दुकानांत उभी असतां सुटे भाग जमवून आपल्या मापाची सायकल मुद्दाम बांधवून घ्यावी, अशी हौस अलीकडे पुष्कळांना वाटूं लागली आहे. हौस चांगली आहे. परंतु बहुतेक जण तिचा आरंभ चुकीच्या टोकाकडून करतात. कोणी गिअर आधीं ठरवितो, कोणी चाकांचा रंग ठरवितो, कोणी बैठकीचें कातडें निवडतो, आणि फ्रेम, म्हणजे सायकलीचा सांगाडा, शेवटीं जी जमेल ती घेतो. वास्तविक क्रम उलट पाहिजे. बैठक टोंचूं लागली तर दुसरी बसवितां येते. टायर झिजला तर नवा घालतां येतो. हँडल, पायडलें, साखळी, चाकें, सर्व कांहीं बदलतां येतें. बदलतां येत नाहीं ती एकटी फ्रेम. शिवाय बाकीच्या भागांपैकीं कोणता बसेल आणि कोणता बसणार नाहीं, हेंहि फ्रेमच ठरविते.

ज्यांना एकाच सायकलीवर सकाळीं भाजी आणावयाची आहे, दुपारीं कामावर जावयाचें आहे, रविवारीं गांवाबाहेर वीस-पंचवीस मैल भटकावयाचें आहे आणि सुटींत पिशव्या बांधून कोंकणांत उतरावयाचें आहे, त्यांच्यासाठीं मी बोलत आहें. त्यांना माझें सांगणें एवढेंच कीं, फ्रेम उचलून तिचें वजन पाहण्यापूर्वीं तिच्यांत जागा किती आहे तें पाहा. हा धडा मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं एक सायकल बांधवून घेतली. दुकानदारानें एक फ्रेम माझ्या हातांत दिली. ती एका बोटावर उचलली गेली आणि मी तेथेंच भुललों. ती शर्यतीची फ्रेम होती. तिच्यांत २५ मिलिमीटरहून रुंद टायर मावत नव्हता, मडगार्ड लावण्यास भोंकें नव्हतीं, आणि पायडल पुढें आलें असतां माझ्या बुटाचें टोक पुढच्या चाकाच्या रेषेंत येत होतें. मंडईजवळच्या अरुंद गल्लींत, माणूस चालतो त्या वेगानें वळत असतां बूट चाकाला अडकला व मी हातावर पडलों. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्यें होतें. दोष फ्रेमचा नव्हता. शर्यतींत वेग असतो, हँडल इतकें वळवावें लागत नाहीं, म्हणून तेथें ही गोष्ट चालून जाते. मंडईंत ती चालत नाहीं. चुकीचा प्रश्न विचारून मी फ्रेम घेतली, हा दोष माझा.

प्लास्टर निघाल्यावर घरांत सायकलीचें नांव काढण्याची सोय राहिली नाहीं. अखेर आमच्या सौभाग्यवतींनीं तीन अटी घातल्या : चिखल अंगावर उडतां कामा नये, पिशवी हँडलला न टांगतां मागें ठेवतां आली पाहिजे, आणि पाय चाकाला लागतां कामा नये. पुढें कितीतरी माहिती मिळविल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, अनेक कामांच्या फ्रेमची व्याख्या या तीन अटींत जवळजवळ पुरी झाली होती.

आतां फ्रेम म्हणजे काय तें थोडें पाहूं. इंग्लंडांत १८८५ सालीं जॉन केम्प स्टार्ले यानें ‘रोव्हर’ नांवाची सायकल पुढें आणली. दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं आणि साखळीनें फिरणारें मागचें चाक, ही आजच्या सायकलीची घडण तिच्यापासून रूढ झाली. १८८८ सालीं डनलॉपनें हवेचा टायर काढला, आणि थोड्याच वर्षांत फ्रेमलाहि तिचा आजचा आकार आला. तो आकार दोन त्रिकोणांचा. तीन काड्या टोकांशीं बांधून पाहा. त्रिकोण वांकडा होत नाहीं. चार काड्यांचा चौकोन मात्र बोटानें ढकलतांच कलतो. सायकलीचा मागचा भाग खरा त्रिकोण असतो. पुढचा भाग त्रिकोण म्हणवीत असला तरी नीट पाहिल्यास चौकोन आहे. कारण हँडलचा दांडा ज्या आखूड नळींतून खालीं चिमट्याकडे जातो, ती नळी चौथी बाजू होते. म्हणूनच समोरून धडक बसली म्हणजे फ्रेम बहुधा तेथेंच, त्या आखूड नळीच्या मागें, दुमडते. जुनी फ्रेम विकत घेणारानें हें विसरूं नये.

पहिली गोष्ट माप. विक्रेते फ्रेमचें माप बैठकीच्या नळीच्या लांबीवरून सांगतात. परंतु वरची नळी उतरती असली म्हणजे तो आंकडा फसवा होतो. बैठक वरखालीं करतां येते. तिची उंची काढण्याची ढोबळ रीत अशी : अनवाणी भिंतीला पाठ लावून उभें राहावें, मांड्यांमध्यें एक जाड पुस्तक घट्ट वर धरावें आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें. त्याला ०.८८ नें गुणलें म्हणजे पायडलांच्या आसापासून बैठकीच्या माथ्यापर्यंतचें अंतर येतें. ८० सेंटिमीटर आलें तर सुमारें ७० सेंटिमीटर. ही उंची बहुतेक फ्रेमींवर साधतां येते. हँडल किती दूर आणि किती उंच असावें, हें मात्र फ्रेमच्याच घडणींत ठरलेलें असतें, आणि मनगट, मान व कंबर यांचें सुख त्यावर अवलंबून राहतें.

त्यासाठीं दोन मापें पाहावीं. पायडलांच्या आसाच्या मध्यापासून पुढच्या आखूड नळीचा माथा किती वर आहे, हें एक; आणि तोच माथा किती पुढें आहे, हें दुसरें. पहिल्याला उंची म्हणूं, दुसऱ्याला पोहोंच. घरांत किंवा शेजारीं जी सायकल आपल्या अंगाला मानवते, तिचीं हीं मापें पांच मिनिटांत काढतां येतात. सायकल सरळ उभी धरून मागचें चाक भिंतीला टेकवा. जमिनीपासून दोन्ही बिंदूंची उंची मोजून वजाबाकी करा. तशीच भिंतीपासून दोन्हींचीं अंतरें मोजून वजाबाकी करा. हे दोन आंकडे कागदावर लिहून खिशांत ठेवले म्हणजे दुकानांतल्या रंगानें आणि वार्निशानें माणूस सहसा भुलत नाहीं. सर्व कामांच्या सायकलीला उंची थोडी अधिक आणि पोहोंच थोडी कमी असलेली बरी. हँडल खालीं न्यावयाचें तर फार खटपट पडत नाहीं. उंचच उंच चढवीत नेण्यास मर्यादा आहे.

दुसरी गोष्ट पायाला मोकळीक. येथें तिसरीच्या मुलाला येईल एवढी बेरीज पुरते. पायडलाचा दांडा १७० मिलिमीटर. पायडलाच्या पुढें येणारा बुटाचा भाग सुमारें १०० मिलिमीटर. टायरासकट चाकाची त्रिज्या सुमारें ३५०. आणि मडगार्डासाठीं १० मिलिमीटर. एकूण ६३० मिलिमीटर. पायडलांच्या आसापासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंत साधारण एवढें अंतर असेल, तर बूट चाकाला लागण्याचें भय उरत नाहीं. हिशेब ढोबळ आहे. पाय मोठा असेल तर दोन सेंटिमीटर वाढवावेत. ठेंगण्या माणसाला ही मोकळीक मोठ्या चाकांवर मिळणें कठीण जातें. त्यानें सरळ थोड्या लहान चाकांची फ्रेम घ्यावी, त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. असाच विचार मागच्या बाजूचा. पायडलांच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचें अंतर शर्यतीच्या सायकलींत सुमारें ४१ सेंटिमीटर असतें. मागें पिशव्या लावावयाच्या असतील तर तें ४४-४५ सेंटिमीटर असावें. नाहींतर दर फेऱ्याला टांच पिशवीवर आपटते.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मतें सर्वांत मोठी, ती टायराची जागा. सिमेंटच्या रस्त्यांचे सांधे, गतिरोधक, पावसाळ्यांतले खड्डे आणि घाटांतली खडी यांतून जाणाऱ्याला २५ मिलिमीटरचा टायर पुरत नाहीं. रुंद टायरांत हवेचा दाब कमी ठेवतां येतो, त्यामुळें हादरे टायरांतच जिरतात आणि ओल्या रस्त्यावर पकड राहते. फ्रेममध्यें ४० ते ४५ मिलिमीटरचा टायर मावत असेल, तर मडगार्डासह ३५ ते ३८ चा निर्धास्त बसतो. जागा तीन ठिकाणीं पाहावी : पुढच्या चिमट्याच्या माथ्याखालीं, मागें पायडलांच्या आसामागें जेथें दोन दांडे जवळ येतात तेथें, आणि बैठकीखालच्या आडव्या पट्टीपाशीं. टायर व फ्रेम यांच्यामधून शिसपेन्सिल सहज फिरली पाहिजे. नाहींतर चाक तिळभर वांकडें होतांच, किंवा चिखल चिकटतांच, घासूं लागतें. रुंद जागेंत अरुंद टायर केव्हांहि घालतां येतो. अरुंद जागेंत रुंद टायर कधींच जात नाहीं. अनेक कामांची फ्रेम ओळखण्याची खूण याच वाक्यांत आहे.

चाकाच्या मापाबद्दल एक सूचना. टायराच्या बाजूवर दोन आंकडे असतात, उदाहरणार्थ ३७-६२२. पहिला टायराची रुंदी सांगतो, दुसरा टायर रिमवर जेथें बसतो तेथील व्यास. हा दुसरा आंकडा जुळला तरच टायर बसतो. ‘अठ्ठावीस इंची’, ‘सव्वीस इंची’ हीं नांवें बेभरंवशाचीं आहेत. आपल्याकडील काळ्या, दांड्याच्या ब्रेकच्या जुन्या सायकलीचें अठ्ठावीस इंची चाक ६३५ मिलिमीटरचें आहे. नव्या सायकलींचें ६२२ चें. व्यासांत १३ म्हणजे त्रिज्येंत साडेसहा मिलिमीटरचा फरक पडतो, आणि ब्रेकचीं रबरें रिमवरून तेवढीं सरकतात. आजोबांची सायकल माळ्यावरून काढून तिच्यांत नवीं चाकें घालूं पाहणारे येथें अडखळतात. नव्यानें बांधणाऱ्यानें ६२२ किंवा, ठेंगण्या सवारीसाठीं, ५८४ हें माप धरावें.

चौथी गोष्ट क्षुल्लक दिसते, ती म्हणजे भोंकें. मागच्या आसाजवळ दोन्ही बाजूंस दोन-दोन आंट्यांचीं भोंकें असावींत, एक मडगार्डाच्या तारेचें, एक कॅरिअरचें. पुढच्या चिमट्यावर तशींच असावींत. पाण्याच्या बाटलीसाठीं नळ्यांवर दोन जोड्या असाव्यात. दुकानांत या भोंकांना किंमत नसते. नंतर तीं पाडावयाचीं म्हटलीं तर फ्रेम दुबळी होते. पट्ट्या आवळून कॅरिअर बसवितां येतें खरें, पण वीस किलोग्रॅमचें ओझें घेऊन घाट उतरतांना पट्टीवर विसंबून राहणें मला धैर्याचें वाटत नाहीं, अविचाराचें वाटतें.

पांचवी गोष्ट ब्रेक. रिमवर दाबणारे ब्रेक साधे व घरीं दुरुस्त होणारे. पण पावसांत रिम ओली झाली कीं प्रथम पाणी पुसलें जातें आणि मग चाक थांबूं लागतें. डिस्क ब्रेक पावसांत अधिक भरंवशाचे, आणि टायर रुंद असला तरी त्यांना अडचण होत नाहीं. निवड कोणतीहि करा; परंतु ती फ्रेम घेतांनाच करावी लागते. डिस्कचें बूड फ्रेमला व चिमट्याला मुळांतच जोडलेलें असावें लागतें. ज्यांचें राहणें मुसळधार पावसाच्या मुलखांत आहे, त्यांनीं डिस्कची सोय असलेली फ्रेम घ्यावी असें मी म्हणेन.

सहावी गोष्ट सुट्या भागांची सोयरीक. फ्रेम अशी असावी कीं, तिला लागणारा भाग उद्यां कोणत्याहि मोठ्या गांवीं मिळावा. मागचें चाक ज्या खाचांत बसतें, त्यांमधील अंतर पाहावें. जुन्या शर्यतीच्या फ्रेमींत तें १२६, नंतरच्यांत १३० मिलिमीटर आहे; डोंगरी व प्रवासी सायकलींत १३५; आजच्या आरपार आसाच्या डिस्क फ्रेमींत बहुधा १४२. यांपैकीं १३५ किंवा १४२ घेतल्यास चाकांची निवड मोठी राहते. खाच सरळ खालीं उघडणारी असेल तर चाक पटकन बसतें. आडवी किंवा सरकती असेल तर साखळी मागें ओढून ताणतां येते, म्हणजे पुढें कधीं गिअर काढून एकाच चक्रीची साधी सायकल करावयाची झाली, किंवा तुंब्यांतच गिअर असलेलें चाक घालावयाचें झालें, तर अडत नाहीं. पायडलांचा आस ज्या आडव्या नळकांड्यांत फिरतो, तें आंट्यांचें असावें, दाबून बसविण्याचें नसावें. ६८ मिलिमीटर रुंदीचें आंट्यांचें माप सर्वत्र चालतें, आणि करकर वाजूं लागलें तर साध्या हत्यारांनीं उघडतां येतें. एवढें लक्षांत असावें कीं, साखळीच्या बाजूचे आंटे उलटे असतात. हें न जाणणारा कारागीर जोर करून ते कायमचे बिघडवितो.

आतां धातूकडे वळूं. मी जन्मभर मुलांना धातु शिकविले. ज्या धातूला अधिक प्रत्यय लागतात तो भाषेंत अधिक उपयोगी पडतो, असें सांगत आलों. फ्रेमच्या धातूलाहि हाच न्याय लावावा. पोलादापेक्षां अल्युमिनियम वजनांत सुमारें एक तृतीयांश, परंतु ताठपणांतहि सुमारें एक तृतीयांशच. म्हणून त्याच्या नळ्या जाड्या व्यासाच्या करतात. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर नळीचा ताठपणा आठपट होतो. इकडे पोलाद हलकें करण्याची युक्ति जुनी आहे. टोंकांशीं जाड आणि मध्यें पातळ अशा नळीचें पेटंट रेनॉल्ड्स यांनीं १८९७ सालीं इंग्लंडांत घेतलें. त्यांच्या कारखान्याची ‘५३१’ नांवाची प्रसिद्ध नळी १९३५ सालीं आली. चांगल्या पोलादी फ्रेमचें वजन दोन किलोग्रॅमच्या आसपास असतें, अल्युमिनियमचें दीड, कार्बन-तंतूंचें एक. पोलाद व अल्युमिनियम यांतला फरक अर्ध्या लिटर पाण्याच्या बाटलीएवढा. स्वार, सायकल व पिशवी मिळून नव्वद किलोग्रॅम जेथें हलवावयाचे, तेथें या अर्ध्या किलोसाठीं काय काय सोडावें, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

पोलादाचा मोठा गुण असा कीं, ठराविक मर्यादेच्या आंतले ताण तें कितीहि वेळां सोसतें. वांकलें तर बहुधा सरळ करतां येतें, तडकलें तर सांधतां येतें, आणि जाणत्या कारागिराच्या हातीं मागच्या खाचांमधलें अंतर चार-पांच मिलिमीटर वाढवितांहि येतें. अल्युमिनियमला ताणाची तशी सुरक्षित मर्यादा नाहीं, म्हणून त्याची फ्रेम मुळांतच भरभक्कम करतात. ती गंजून खलास होत नाहीं, स्वस्तहि पडते, परंतु तिच्या खाचा फांकवूं नयेत, व जोड तडकला तर गल्लींत डाग लावून भागत नाहीं. कार्बनची फ्रेम हलकी व उत्तम असते. पण तिला आंतून लागलेला मार बाहेरून दिसेलच असें नाहीं. अनेक वर्षें अनेक कामें घ्यावयाचीं तर मी पोलाद निवडतों. त्याचा शत्रु एक, गंज. तो आंतून येतो. म्हणून जोडणीपूर्वीं नळ्यांत तेलाचा हात फिरवावा, बैठकीच्या दांड्याला ग्रीस लावावें, आणि पायडलांच्या आसाखालीं पाणी निथळण्याचें भोंक असेल तर तें उघडें ठेवावें.

जुनी फ्रेम घेण्यास हरकत नाहीं. माझी दुसरी फ्रेम जुनीच आहे. मात्र एक सुतळी बरोबर न्यावी. तिचें टोक मागच्या एका खाचेला बांधून, पुढच्या आखूड नळीला वळसा घालून, दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणावी. बैठकीच्या नळीपासून दोन्ही बाजूंचें सुतळीचें अंतर सारखें आलें तर फ्रेमचा मागचा भाग सरळ आहे; एकदोन मिलिमीटरहून अधिक फरक पडला तर नमस्कार करून परत फिरावें. आखूड नळीच्या मागें, खालच्या बाजूस बोट फिरवावें. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर धडक बसलेली आहे असें समजावें. बैठकीचा दांडा उपसून पाहावा. तो हलत नसेल तर किंमत कितीहि कमी असो, घेऊं नये.

सारांश, दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं कागदावर सहा प्रश्न लिहावे. माझी उंची व पोहोंच जुळते काय? पाय चाकाला व टांच पिशवीला लागत नाहीं ना? मडगार्डासह ३५ चा टायर मावतो काय? भोंकें सर्व आहेत काय? ब्रेक मला हवे तेच लागतात काय? आणि लागणारे भाग माझ्या गांवीं मिळतात काय? सहाहि प्रश्नांना होकार आला म्हणजे मग रंग पाहावा, वजन पाहावें, आणि पैसे उरले तर गिअर पाहावे.

माझी दुसरी सायकल पहिलीहून दीड किलोग्रॅम जड आहे. तिला मडगार्ड आहे, मागें कॅरिअर आहे, आणि वळतांना बूट व चाक यांच्यामध्यें दोन बोटें जागा राहते. ती घरीं आली त्या दिवशीं सौभाग्यवतींनीं तिच्याभोंवतीं एक फेरी घातली, पुढचें चाक पुरतें वळवून पायडल फिरवून पाहिलें, आणि कांहीं न बोलतां भाजीची पिशवी माझ्या हातांत दिली.